संदर्भग्रंथांतील विमानतळांची नावे : एक चिकित्सा

उधना हे सुरतेचे औद्योगिक उपनगर असून तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतो. खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. येथील विद्यार्थी मराठी, गुजराती व हिंदी अशा तिन्ही भाषांतील संदर्भग्रंथ हाताळतो. त्याला आपल्याच शहराचा विमानतळ शोधायचा झाला, तर पहिली अडचण शब्दलेखनाची येते. मराठी व गुजरातीत 'सुरत', तर हिंदीत 'सूरत'. वर्णक्रमात दोन्हींची जागा वेगळी आहे.

तरीही सुरतेची नोंद त्या मानाने सोपी आहे. मगदल्ला येथील हा विमानतळ शहराच्याच नावाने ओळखला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तरी मूळ नाव कायम राहिले. खरा प्रश्न मुंबईसारख्या ठिकाणी उद्भवतो. सांताक्रूझ आणि सहार ही तेथील जुनी, स्थानदर्शक नावे. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले व २०१८ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. संदर्भग्रंथाने केवळ आजचे अधिकृत नाव शीर्षकात दिले, तर १९८५ च्या वृत्तपत्रात 'सहार विमानतळ' वाचणाऱ्या अभ्यासकाला त्या नोंदीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही.

याउलट, केवळ शहराचे नाव पुरेसे आहे असेही म्हणता येत नाही. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. राजकोटला २०२३ मध्ये हिरासर येथे नवा विमानतळ झाला. तेव्हा 'राजकोट विमानतळ' म्हणजे नेमका कोणता, हे लेखनाच्या वर्षावरून ठरवावे लागते. शिवाय सहार, मोपा, हिरासर ही गावांची नावे आहेत. नोंदीतून ती वगळली, तर त्या गावांचा इतिहासही नजरेआड होतो.

यावर एक आक्षेप संभवतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव मिळाले. ज्या नगरीत १९५६ ची धम्मदीक्षा झाली, तेथे या नावाला मोठा अर्थ आहे. मग ते शीर्षकात का नसावे? आक्षेप गंभीर आहे. परंतु शीर्षकाचे काम वाचकाला वाट दाखवण्याचे आहे. सन्मानाची नोंद मजकुराच्या पहिल्याच वाक्यात, पूर्ण व वर्षासह झाली पाहिजे. या नियमात कोणाचाही अपवाद नसावा, म्हणजे कोणाचाही अवमान होणार नाही.

म्हणून शीर्षकात शहर व स्थान असावे : 'मुंबई (सहार–सांताक्रूझ)', 'गोवा (मोपा)', 'सुरत (मगदल्ला)'. पहिल्या वाक्यात अधिकृत नाव यावे. प्रत्येक जुन्या नावाची व पर्यायी लेखनाची 'पाहा' अशी स्वतंत्र नोंद असावी. शेवटी तीन अक्षरी संकेत द्यावा, कारण तो सहसा बदलत नाही. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, तरी तेथील संकेत अद्याप 'बीओएम' हाच आहे.

अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपासूनच ही शिस्त लावावी. नाव बदलण्याचा अधिकार शासनाचा असला, तरी जुन्या नावाचा माग राखणे हे संदर्भकाराचे कर्तव्य आहे.