छत्र्यांच्या गावात न दिसणारा अल्जीरिया

फ्रेंच दिग्दर्शक जॅक देमी यांचा ‘शेरबुरच्या छत्र्या’ हा चित्रपट १९६४ चा. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच वर्षी स्थापन झाले. असे परदेशी चित्रपट पाहायला पुणेकर रसिकाला एके काळी लॉ कॉलेज रस्त्यावरचे हे संग्रहालय नाहीतर एखादी फिल्म सोसायटी गाठावी लागे. २०१४ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने देमी यांच्या सहा चित्रपटांचा संच काढला आणि हा चित्रपट नव्या रूपात घरी आला. अडचण एवढीच, की तिथली तबकडी आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर सहसा चालत नाही.

कथा साधी आहे. छत्र्यांच्या दुकानातली जनव्हिएव आणि गॅरेजमधला गी एकमेकांवर प्रेम करतात. गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियाला जावे लागते. इकडे ती गरोदर; पत्रे विरळ होतात. इंतजार संपतो आणि ती एका श्रीमंत जवाहिऱ्याशी लग्न करते. यातला प्रत्येक संवाद गायलेला आहे. आपल्या ‘सौभद्रा’त पदांच्या मधे गद्य तरी असते, इथे गॅरेजमधली विचारपूससुद्धा सुरात होते. मिशेल लग्रां यांचे संगीत आणि कॅथरिन दनव यांचा चेहरा, दोन्ही विसरता येत नाहीत.

तबकडीवरचे रंग पाहून मन हरखते. मूळ फिल्मचे रंग उडत चालले होते. देमींनी तिन्ही रंगांच्या वेगळ्या प्रती जपल्या होत्या, म्हणून त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांना ते १९९० च्या दशकात परत आणता आले. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत हाती नसलेल्या आपल्याला या जपणुकीचे मोल सांगायला नको.

पण घरी पाहताना थांबता येते, मागे जाता येते, आणि मग एक गोष्ट खटकते. ज्या युद्धाने ही जुदाई घडवली, ते पडद्यावर नाहीच. गीच्या पत्रात दबा धरून झालेल्या हल्ल्याचा उल्लेख येतो. हल्ला करणारे कोण, कशासाठी लढत होते, हे कुणी विचारत नाही. एकही अल्जीरियन पात्र नाही. पडद्यावर महिने-वर्षे लिहून येतात, ती १९५९ वरून एकदम डिसेंबर १९६३ वर जातात. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. ते स्वातंत्र्य या दोन पाट्यांच्या मधल्या फटीत हरवले आहे.

याला देमींचा दोष म्हणावे का? युद्ध संपून दोन वर्षे होत नाहीत तोच त्याची जखम घरगुती प्रेमकथेत आणणे, हेही धाडसच होते. फ्रान्सच्या कायद्याने त्या लढाईला ‘युद्ध’ म्हणायला १९९९ साल उजाडले. म्हणजे चित्रपटातली चुप्पी ही त्या समाजाचीच चुप्पी आहे. तरीही ती चुप्पीच आहे, हे सुंदर संगीत ऐकताना विसरता कामा नये.

आखातात गेलेल्या माणसाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या घरांना जनव्हिएव परकी वाटणार नाही. तिच्यासाठी डोळे जरूर ओले व्हावेत. मात्र त्याच आठवड्यात पाँतेकोर्वो यांचा ‘बॅटल ऑफ अल्जीयर्स’ही (१९६६) पाहावा. समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरही आया, बहिणी, प्रेयसी वाट पाहत होत्या, हे त्याशिवाय कळत नाही.