वाटाण्याचं रोप, पुरी आणि एक मिनिटाचा हिशेब

गेल्या आठवड्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने मेसमध्ये गाठून विचारलं, "ताई, पीएचडीला जायच्या आधी कुठला पिक्चर बघू? मोटिव्हेशनसाठी." मी म्हटलं, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. तो म्हणाला, "पण त्यात सायंटिस्ट कुठे आहे?" त्याला 'मिशन मंगल' आवडला होता. आमटी गार होईपर्यंत वाद झाला. जे तिथे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

आधी 'मिशन मंगल' (२०१९). मंगळयानासाठी इंधन कमी पडतंय, आणि विद्या बालनच्या पात्राला स्वयंपाकघरात कल्पना सुचते: गॅस बंद केला तरी तापलेल्या तेलात पुऱ्या तळून होतात, तसंच यानाचं करायचं. थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण परत येताना बसमध्ये विचार करायला लागले तर उदाहरण हातातून निसटायला लागलं. पुरी तळली जाते ती तेलात साठलेल्या उष्णतेवर, आणि तेल दर मिनिटाला गार होत असतं. इंजिन बंद केल्यावर यान पुढे जात राहतं ते असं काही साठवून खर्च करत नाही. वाटेत अडवायला हवा नाही, इतकंच. खरी युक्ती वेगळी होती. यान पृथ्वीच्या सर्वांत जवळून, म्हणजे सर्वांत वेगाने जात असताना इंजिन थोडा वेळ चालवायचं. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून वेग जास्त असताना दिलेला तेवढाच धक्का कक्षा जास्त ताणतो. असं पुन्हा पुन्हा करत कक्षा मोठी करत न्यायची. आणि ही युक्ती कुणाला पुरी फुगताना सुचलेली नाही, ती पाठ्यपुस्तकात असते.

दुसरं, त्या खऱ्या गोष्टीत नाट्य कमी नव्हतं. ११ नोव्हेंबर २०१३ ला कक्षा वाढवायचा चौथा प्रयत्न अपुरा पडला. अंतर एक लाख किलोमीटरपर्यंत जायला हवं होतं, ते सुमारे ७८ हजारांवर थांबलं. दुसऱ्या दिवशी एक जादा प्रयत्न करून ते भरून काढलं. त्या मधल्या रात्री खोलीत बसलेल्या लोकांनी काय केलं असेल? मला तो पिक्चर बघायचाय. कारण संशोधन म्हणजे बहुतेक वेळा तीच रात्र असते, पुरी क्वचितच.

आता 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). परेश मोकाशींचा पहिला चित्रपट, त्या वर्षी भारताकडून ऑस्करला पाठवलेला. नंदू माधव यांचे दादासाहेब फाळके जवळपास पूर्ण वेळ हसतमुख असतात. धंदा सुटलाय, घरातल्या वस्तू विकल्या जातायत, डोळे दगा देतायत, आणि हा माणूस पोरांना घेऊन पुन्हा सिनेमा बघायला निघालाय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते आणि पोट धरून हसले होते. स्त्री-भूमिकेसाठी नट मिशी काढायला तयार नाही, कारण वडील जिवंत आहेत! पण परवा पुन्हा पाहिला तेव्हा मी दुसऱ्याच जागी थांबले: वाटाण्याच्या रोपापाशी.

फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पैसे घालणारा कुणी नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढताना थांबून थांबून एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर काही क्षणांत बी रुजून वेल झाला. ते दाखवून त्यांनी पैसे उभे केले. आपल्या भाषेत सांगायचं तर हा पायलट स्टडी झाला. मोठी गोष्ट मागायच्या आधी छोटी गोष्ट करून दाखवायची, आणि तीही अशी की समोरच्याला तंत्र कळलं नाही तरी परिणाम दिसावा.

माझा विषयही जवळचा आहे. मी मुगाच्या मुळांचे दर दहा मिनिटांनी फोटो काढते. म्हणून त्या दृश्यानंतर मी वही काढली. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशी सांगितली जाते: रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि त्यातून मिनिटभराची फिल्म. आता करा हिशेब. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरा. महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! एक मिनिट हवं तर ९६० फ्रेम लागतात, म्हणजे रोज ३२. फिल्म दाखवायचा वेग निम्मा केला तरी रोज १६ हव्यातच. म्हणजे 'रोज एक' आणि 'एक मिनिट' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. यात फाळक्यांचं काही बिघडत नाही. उलट रोज बत्तीस वेळा कॅमेऱ्यापाशी जाणारा माणूस मला जास्त ओळखीचा वाटतो. पण वाचलेला आकडा पाठ करायच्या आधी एक गुणाकार करून बघायची सवय तुम्हाला पीएचडीच्या मुलाखतीत कुठल्याही मोटिव्हेशनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

इथपर्यंत कौतुक झालं, आता तक्रार. चित्रपट फार हलका आहे, आणि हा हलकेपणा एका ठिकाणी मला टोचतो. विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई गोड आहेत, समजूतदार आहेत, नवऱ्याच्या वेडात आनंदाने सामील होतात. पण प्रत्यक्षात सरस्वतीबाईंनी काय काय केलं ते आठवा. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात पाडायचं काम त्यांनी केलं. फिल्म धुतली. वर साठ-सत्तर माणसांच्या चमूचा स्वयंपाक. दागिने गहाण पडले ते त्यांचेच. चित्रपटात हे सगळं हसतखेळत निघून जातं. मला त्या अंधाऱ्या खोलीत अजून दोन मिनिटं थांबायचं होतं.

हे मला का टोचतं तेही सांगते. मागच्या वर्षी माझी फेलोशिप पाच महिने अडकली. त्या काळात खोलीचं भाडं माझ्या धाकट्या भावाने भरलं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याला गाडी घ्यायची होती, ती घेतली नाही. हे मला आईकडून दोन महिन्यांनी कळलं. त्यानंतर एका रात्री वीज गेली, कॅमेरा बंद पडला, नऊ दिवसांचा प्रयोग वाया गेला. सकाळी मी सगळ्यात आधी त्याला फोन केला, गाईडना नाही. तो म्हणाला, "मग परत लाव ना." परत लावायला किती खर्च येतो हे त्याला माहीत होतं, तरी.

म्हणून 'वेड असलं की सगळं होतं' हा निष्कर्ष मी या चित्रपटातून काढणार नाही, तुम्हीही काढू नका. फाळके यशस्वी झाले म्हणून त्यांच्यावर चित्रपट निघाला. घर विकून काहीच हाती न लागलेल्या माणसांवर निघत नाही. याला नमुन्यातला दोष म्हणतात, तुम्ही संशोधनपद्धतीच्या पेपरात शिकला असाल. खुद्द फाळक्यांची गोष्टसुद्धा ३ मे १९१३ ला कोरोनेशनमधल्या पहिल्या खेळाने संपत नाही. बोलपट आले, काळ बदलला, १९३७ चा 'गंगावतरण' त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

तरीही त्या मुलाला मी हाच चित्रपट बघ म्हणेन. फक्त बघताना कागदावर दोन रकाने करायचे. एकात: याने काय करून पाहिलं, किती वेळा फसलं, पुढच्या वेळी काय बदललं. दुसऱ्यात: तेव्हा घर कोण चालवत होतं. मग तेच दोन रकाने स्वतःसाठी भरायचे, अर्ज भरायच्या आधी. दुसऱ्या रकान्यात ज्यांचं नाव येईल त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या. किती वर्षं लागतील, पैसे कधी थांबू शकतात, हे त्यांना खरंखरं सांगा. प्रबंधाच्या आभारात नाव घालणं नंतरचं.

आणि हो, ९६० चा हिशेब तपासून बघा. कुठे चुकले असेन तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करते.