पदक आणि पसंती

एखाद्या चित्रपटास पारितोषिक मिळाले की त्याविषयीचे बोलणे संपते, असा माझा अनुभव आहे. वस्तुतः ते तेथून सुरू व्हावयास हवे. परंतु चित्रपट चांगला आहे असे परीक्षक मंडळानेच जाहीर केल्यावर आपण आणखी काय सांगणार, अशा समजुतीने रसिक स्वस्थ बसतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांत हा स्वस्थपणा जरा अधिकच आढळतो. इंदुरात आमच्या घराची ही पाचवी पिढी. मराठी चित्रपट येथे क्वचित येतो, आणि आलाच तर सकाळच्या एखाद्या खेळापुरता येतो. त्यामुळे दिल्लीहून आलेली पदकाची वार्ता हीच त्या चित्रपटाची आम्हांस पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, ओळख ठरते. पेढे वाटले जातात, मंडळाच्या फळ्यावर अभिनंदनाचा मजकूर लिहिला जातो, आणि चित्रपट? तो सवडीने पाहू.

प्रस्तुत लेखक समीक्षक नव्हे. पन्नासएक वर्षे काळोखात बसून पडद्याकडे पाहत आलेला एक चाहता, एवढीच त्याची पात्रता. तेव्हा पुढील मते ही एका प्रेक्षकाची खासगी मते समजावीत. राष्ट्रीय पारितोषिकांतील सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा मान, म्हणजे पूर्वीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि नंतरचे सुवर्णकमळ, पाच मराठी चित्रपटांकडे आला आहे: ‘श्यामची आई’ (१९५३), ‘श्वास’ (२००३), ‘देऊळ’ (२०११), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६). हे पाचही मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. पहिल्या वेळी पदकाचे दडपण आपल्या मनावर असते. दुसऱ्या वेळी चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, ते कळते. माझी कसोटी ती एवढीच.

‘श्यामची आई’ मी प्रथम पाहिला तो लहानपणी, मंडळाच्या सभागृहात, पांढऱ्या चादरीवर. यंत्र मध्येच बंद पडे, दिवे लागत, आणि सभागृहातल्या साऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले दिसत. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या. या गोष्टीचा अभिमान आमच्या घरातली वडीलधारी मंडळी दर वर्षी नव्याने बोलून दाखवीत. साने गुरुजींचे पुस्तक, आचार्य अत्र्यांचे दिग्दर्शन आणि १९५४ साली देशातले पहिलेवहिले सुवर्णपदक! अशा चित्रपटाविषयी वेगळे मत बाळगणे म्हणजे घरच्या देव्हाऱ्यावर शंका घेण्यासारखे होते.

तरीही ते मत मांडावयास हवे. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ परीक्षकांपुढे होता, आणि त्यास केवळ गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. दोन्ही चित्रपट दारिद्र्याचे आहेत, दोहोंत मातीशी नाते आहे. पण ‘श्यामची आई’मध्ये कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा बसून राहतो. पात्रे येतात, बोलतात, आणि प्रसंगाचे तात्पर्य पदरात टाकून जातात. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, तो प्रसंग आजही अंतःकरण हलवितो. परंतु ते सामर्थ्य पुष्कळसे गुरुजींच्या मूळ प्रसंगाचे आणि वनमालाबाईंच्या शांत मुद्रेचे आहे. उलट ‘दो बिघा जमीन’च्या अखेरीस शंभू आपल्या गेलेल्या जमिनीतली मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती त्याला टाकावयास लावतो, तेव्हा तात्पर्य सांगणारा कोणी नसतो. पाहणाऱ्यास ते स्वतःच शोधावे लागते. त्या वर्षी माझ्या हाती पदक असते तर मी ते बिमलदांना दिले असते. हे लिहिताना माझ्या आजीची नजर पाठीवर जाणवते, पण लिहितो.

मग परीक्षकांचे चुकले काय? तसे मी म्हणणार नाही. प्रजासत्ताक जेमतेम चार वर्षांचे होते. मुलांनी कसे वाढावे, गरिबीत सत्त्व कसे राखावे, असे प्रश्न त्या पिढीच्या जिव्हाळ्याचे होते, आणि या चित्रपटाने त्यांस घरगुती उत्तर दिले. पदक त्या उत्तरास मिळाले, असे मला वाटते. येथूनच आपल्या राष्ट्रीय पारितोषिकांना एक सवय लागली असावी: विषय थोर असला की त्याची मांडणी किती कसदार आहे, हे विचारण्याची निकड कमी होते.

पन्नास वर्षांनी आलेल्या ‘श्वास’चा विषयही असाच काळजाला हात घालणारा. कोकणातला एक आजोबा नातवाला पुण्याच्या रुग्णालयात आणतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. अश्रूंची केवढी सोय! परंतु दिग्दर्शक संदीप सावंत यांनी त्या सोयीचा मोह बराचसा टाळला. अरुण नलावडे यांचा आजोबा फारसे बोलत नाही. तो मान खाली घालतो, पिशवी सावरतो, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहतो. शहरी रुग्णालयात खेड्यातला माणूस कसा लहान होत जातो, हे त्याच्या नुसत्या उभे राहण्यातून कळते. शस्त्रक्रियेपूर्वी तो नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवितो. त्या भागात चित्रपट क्षणभर गोड होतो, हा त्याचा दोष. पण अश्विन चितळे या मुलाचा हट्ट आणि चिडचिड इतकी खरी आहे की गोडवा टिकत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मला कथेचा शेवट ठाऊक होता, आणि तरीही मी तो मुलगा काय काय पाहतो आहे, हेच टक लावून पाहत होतो. हे पदक मला पूर्ण मान्य आहे. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली होती. पदकामुळे आमच्या गावी आलेला आणि तिकिटासाठी रांग लागलेला मराठी चित्रपट मी प्रथम पाहिला तो हाच.

‘देऊळ’विषयी माझे मन दुभंगलेले आहे. उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध अव्वल विनोदाचा आहे. गाय हरवलेला भोळा केश्या, उंबराखाली त्याला झालेले दत्ताचे दर्शन, आणि मग त्या दर्शनाचा गावाने मांडलेला बाजार! गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाचे आणि संवादांचे पारितोषिकही मिळाले, ते योग्यच. तथापि उत्तरार्धात रुग्णालय की देऊळ हा वाद पात्रांच्या तोंडून इतक्या वेळा वदविला जातो की केश्या मागे पडतो आणि प्रश्न पुढे येतो. मात्र त्या वर्षीचे सुवर्णकमळ दोघांत वाटले गेले होते, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. दुसरा चित्रपट ‘ब्यारी’, कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या ब्यारी भाषेतला. बोलणारे थोडे, चित्रपट त्याहून थोडे. अशा भाषेच्या शेजारी बसण्याचा मान आपणांस मिळाला, ही गोष्ट मिरविण्याजोगी होती. आम्ही मात्र त्या वेळी ‘अर्धेच पदक’ म्हणून थोडे हिरमुसलो होतो.

‘कासव’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. या जोडीविषयी मला आदर आहे. मनोविकारांविषयी मराठी प्रेक्षकाला सहानुभूतीने बोलावयास त्यांनी शिकविले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण आणि त्याला काही न विचारता आपल्या घरी थारा देणारी, स्वतः नैराश्य सोसलेली जानकी, यांची ही कथा. तिच्याभोवती कोकणचा किनारा आणि तेथे चाललेले कासवांच्या संवर्धनाचे काम. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्यातल्या अबोल प्रसंगांत चित्रपट मोठा होतो. पण कासवाची उपमा एकदा कळल्यावर ती पुनःपुन्हा समजावून दिली जाते. अंड्यांतून निघालेल्या पिलांना समुद्राची वाट आपली आपण शोधू द्यावी, असे सांगणारा हा चित्रपट प्रेक्षकाला मात्र बोट धरून किनाऱ्यापर्यंत नेतो. पाचांत मी त्यास शेवटचे स्थान देतो. आणि तरीही एखाद्या घरात तो योग्य वेळी पाहिला गेला तर कुणाचा जीव वाचेल, हेही मान्य करतो. अशा उपकाराची किंमत कलेच्या तराजूत कशी करावी, हे मला उमगलेले नाही.

राहिला ‘कोर्ट’. माझ्या मते पाचांत सर्वश्रेष्ठ. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच कथाचित्राने व्हेनिसच्या महोत्सवात दोन पारितोषिके मिळविली होती, पण ती वार्ता बाजूस ठेवू. मुंबईच्या गटारात उतरलेल्या एका सफाई कामगाराचा मृत्यू होतो. त्याने आत्महत्या केली आणि तिला लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गाणे कारणीभूत झाले, असा खटला उभा राहतो. अन्यायाचा केवढा मोठा विषय! परंतु येथे कोणी भाषण करीत नाही. कॅमेरा दूर, स्थिर. कामगाराची विधवा साक्ष देते, ती बाजारभाव सांगावा तशा आवाजात: गटारातून झुरळ बाहेर आले तर उतरावयास हरकत नाही, अशी तिच्या नवऱ्याची परीक्षा असे. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे वाचतात आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्या दुष्ट नाहीत, तुमच्याआमच्यासारख्या आहेत. चित्रपटाची धास्ती त्यातच आहे.

याच वकीलबाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टर उडविली जाते आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. हा प्रसंग मी प्रथम पाहिला तेव्हा मीही हसलो. मग एकाएकी ध्यानात आले की इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत तो परप्रांतीय म्हणजे मीच. रंगमंचावरचा माणूस आणि खुर्चीतला माणूस, दोन्ही मीच. माझ्या भाषेतल्या कोणत्याही चित्रपटाने मला इतक्या थोड्या अवधीत इतके अस्वस्थ केलेले नाही, आणि हे करताना दिग्दर्शकाने मला एक शब्दही ऐकविला नाही. आणखी एक चित्रपट याच जातीचा: नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. २०१३ च्या पारितोषिकांत त्यास दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा मान मिळाला. सुवर्णकमळ ‘शिप ऑफ थिसियस’कडे गेले. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तो दगड ज्याला लागला, त्याला पदकांची ही वाटणी पटणे कठीण.

‘कोर्ट’ला सुवर्णकमळ मिळाले त्याच वर्षी मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून ‘किल्ला’ निवडला गेला आणि कोंकणीतला सर्वोत्कृष्ट म्हणून ‘नाचुंया कुंपासार’. या नियतकालिकाच्या कोंकणी वाचकांपुढे एक गोष्ट नम्रपणे ठेवतो. भाषावार पारितोषिक ही मोठी सोय आहे, पण तीत एक धोकाही आहे. जेथे वर्षाकाठी मोजकेच चित्रपट होतात तेथे ‘सर्वोत्कृष्ट’ या शब्दाला तुलनेचा आधार उरत नाही, आणि चित्रपट आपल्याच अंगणात सत्कार घेऊन घरी परततो. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा ‘पलतडचो मुनिस’ महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि वाट चुकून आलेली एक वेडी स्त्री, एवढाच त्याचा पसारा. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांनी त्यास पारितोषिक दिले. मी तो कोंकणी चित्रपट म्हणून पाहावयास बसलो आणि उठलो तो केवळ एक उत्तम चित्रपट पाहून. किती मराठी घरांनी तो पाहिला आहे? भाषा शेजारची, अंतर एका खाडीचे. पण ते अंतर पदक ओलांडीत नाही, प्रेक्षकाला स्वतः ओलांडावे लागते.

२०२३ च्या चित्रपटांत मराठीतील सर्वोत्कृष्ट म्हणून जो निवडला गेला तोही ‘श्यामची आई’च, सुजय डहाके यांनी नव्याने केलेला, कृष्णधवल. सत्तर वर्षांनी तीच आई पुन्हा पदक घेऊन आली, म्हणून आमच्या मंडळात पुन्हा पेढे वाटले गेले. मी मंडळींना विचारले, ‘दोहोंतला कोणता आवडला?’ कोणीच उत्तर दिले नाही, कारण नवा कोणी पाहिला नव्हता आणि जुना कोणाला नीट आठवत नव्हता. मग ठरले की दोन्ही एकापाठोपाठ दाखवायचे आणि नंतर तासभर भांडायचे. खुर्च्यांची व्यवस्था झाली आहे. माझे मत तेथे पडण्याचाच संभव अधिक. पण मंडळात चित्रपटावरून भांडण व्हावे, याची मी कित्येक वर्षे वाट पाहत होतो.