एलियाचे गाऱ्हाणे

जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या धैर्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या नैराश्याविषयी मात्र दबक्या आवाजात. वास्तविक मोशेने मरण मागितले, योनाने मागितले, यिर्मयाने तर आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. एलियाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी, आणि ती डहाणू-तलासरीच्या भूमीवर उभे राहून वाचावी, असे आम्हांस वाटते.

कारण त्या कथेत भूकंप आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धरणी वारंवार हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशीच्या धावपळीत एक चिमुरडी दगावली. ऐन थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर, तंबूंत निजली. धक्के फार मोठे नव्हते. पण ते थांबत नव्हते, आणि माणूस खचतो तो यानेच. अशांना, देव भूकंपात नसतो, मंद स्वरात असतो, असे सुभाषित ऐकवणे फार सोपे आहे.

मूळ ग्रंथ (१ राजे, अध्याय १९) इतका सोपा नाही. ईजबेल राणीच्या भयाने पळालेला एलिया रानात झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, निजू देतो, पुन्हा उठवून जेवू घालतो. होरेबच्या गुहेत देव त्याला येण्याचे कारण विचारतो आणि एलिया गाऱ्हाणे मांडतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो मंद स्वर. आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते यापुढचे: प्रश्न पुन्हा तोच, आणि उत्तरही शब्दशः तेच! दर्शनाने संदेष्ट्याचे दुःख विरघळले नाही. कथाकाराने हे लपविले नाही. देवही रागावला नाही. त्याने पुढचे काम सोपविले, अलीशासारखा सोबती दिला आणि इस्राएलात सात हजार जण निष्ठावंत उरतील असे सांगितले.

आता आपले रविवारचे वाचन पाहा. 'अ' वर्षी, सामान्य काळातील एकोणिसाव्या रविवारी हाच अध्याय येतो. परंतु नवव्या वचनाच्या पूर्वार्धावरून थेट अकराव्यावर उडी, आणि तेराव्याच्या मध्यावर विराम. गाऱ्हाणे दोन्ही वेळा गळाले. ('ब' वर्षी झुडपाखालची मरणयाचना ऐकू येते, हे मान्य केले पाहिजे.) यिर्मयाच्या विसाव्या अध्यायाचीही तीच गत. बाराव्या रविवारी तो तेराव्या वचनाला, स्तुतीपाशी थांबतो. चौदाव्यात सुरू होणारा शाप रविवारच्या श्रोत्याच्या कानी पडतच नाही.

वाचन आटोपशीर असावे, हे आम्ही जाणतो. परंतु सांत्वन ठेवून तक्रार गाळली, की तंबूत रात्र काढणाऱ्या आईला आपली तक्रार पापासारखी वाटली तर नवल नाही. गाळलेल्या वचनांना एक मिनिटही लागत नाही. निदान प्रवचनात तरी ती वाचावीत. आणि बैलांच्या बाराव्या जोडीमागे शेत नांगरणारा अलीशा एलियाला भेटतो, तिथपर्यंत यावे.