यंत्राची तक्रार वाचताना

वहीतल्या उत्तरावर नुसती लाल फुली मारली, तर विद्यार्थ्याला उत्तर चुकले एवढेच कळते. रीत चुकली, आकडेमोड चुकली, की फळ्यावरून प्रश्न उतरवून घेतानाच घोटाळा झाला, हे कळत नाही. संगणकाचे त्रुटिसंदेश हे असेच लेखन आहे. ते कोणीतरी माणसाने आधी लिहून ठेवलेले असते आणि अडचणीत सापडलेला दुसराच माणूस ते वाचतो. पुस्तकांची परीक्षणे होतात. या लेखनाचे कोणी करत नाही. म्हणून येथे एक नमुना घेतला आहे: आयबीएमच्या विभाजित सर्व्हरवर चालणाऱ्या एआयएक्स या कार्यप्रणालीची त्रुटिनोंद.

विभाजित सर्व्हर म्हणजे काय, ते आधी पाहू. एकाच मोठ्या यंत्रातले प्रोसेसर आणि स्मृती वाटून देऊन त्याचे अनेक स्वतंत्र कप्पे करतात. प्रत्येक कप्प्यात वेगळी कार्यप्रणाली चालते. एकातली कोसळली तरी शेजारची चालू राहते. ही वाटणी सांभाळणाऱ्या थराला हायपरव्हायजर म्हणतात. आयबीएमने ही सोय मेनफ्रेमवर १९८८ मध्ये आणली आणि पी ६९० या युनिक्स सर्व्हरवर २००१ मध्ये. २००४ च्या पॉवर ५ पासून तर प्रोसेसरचा दहावा हिस्सासुद्धा एखाद्या कप्प्याला देता येऊ लागला. त्याच वेळी डिस्क आणि नेटवर्कही सामाईक करता येऊ लागले. एक खास कप्पा खरी कार्डे बाळगतो आणि इतरांना आभासी डिस्क पुरवतो. त्याला आपण ‘पुरवठा-कप्पा’ म्हणू.

आता नमुना. कप्प्यातला कार्यक्रम अडला, की व्यवस्थापक त्रुटिनोंद उघडतो. तेथे एका ओळीत ओळख-क्रमांक, वेळ, मग ‘पी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे, ‘एचडिस्क३’ हे नाव आणि शेवटी ‘डिस्क ऑपरेशन एरर’ हे शब्द असतात. ‘एच’ म्हणजे हार्डवेअर, ‘पी’ म्हणजे पर्मनंट. हे मी प्रथम वाचले तेव्हा डिस्क कायमची गेली, असेच समजलो होतो. तसा अर्थ नाही. प्रणालीने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि तरीही ते एक काम झाले नाही, एवढेच ‘पी’ सांगतो. प्रयत्नांती काम झाले असते, तर तेथे ‘टी’, म्हणजे टेंपररी, आला असता. अक्षर डिस्कच्या प्रकृतीविषयी बोलत नसून त्या एका कामाविषयी बोलते आहे. व्याख्या पुस्तिकेत बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता पुस्तिका कोण उघडतो?

‘एच’ हे अक्षर त्याहून फसवे आहे. एचडिस्क३ जर पुरवठा-कप्प्याकडून आलेली असेल, तर त्या कप्प्यापुरते बदलण्याजोगे हार्डवेअर अस्तित्वातच नाही. चाळीतल्या बिऱ्हाडकरूने ‘नळ बिघडला’ म्हणून ओरडावे आणि खरी भानगड गच्चीवरच्या टाकीत असावी, तसे हे आहे. दोष पुरवठा-कप्प्यात असेल, त्याच्या कार्डात असेल, बाहेरच्या साठवण-यंत्राकडे जाणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलीत असेल. संदेशाने मात्र आपल्या खोलीतल्या नळाकडेच बोट दाखवले.

संदेश लिहिणाऱ्याला सगळा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. आभासी डिस्क खऱ्या डिस्कसारखीच भासावी, वरच्या कार्यक्रमाला फरक कळू नये, यासाठीच ही सारी खटपट केलेली असते. कप्प्याचे हे अज्ञान म्हणजे त्या रचनेचे यश आहे. सगळे सुरळीत असताना जे यश असते, तेच दोष शोधताना आडवे येते.

तपशीलवार नोंद उघडली, तर संभाव्य कारणे आणि सुचवलेले उपाय अशी आशादायक शीर्षके दिसतात. त्यांखाली अनेकदा जो उपाय छापलेला असतो त्याचे मराठी असे होईल: ‘दोषनिश्चितीची कार्यपद्धती पार पाडा.’ म्हणजे दोष शोधायला आलेल्या माणसाला दोष शोधा असे सांगणे! या संपूर्ण नोंदीतले हे सर्वांत निकृष्ट वाक्य आहे, असे माझे मत आहे. त्याच्याखाली सोळाच्या पायातल्या अंकांच्या ओळी असतात. डिस्कने परत पाठवलेला खरा निरोप त्यांत दडलेला असू शकतो. स्कझी पद्धतीत त्यातला एक ठरावीक अंक ३ असेल तर दोष साठवण-माध्यमात, ४ असेल तर उपकरणात, २ असेल तर ते तयारच नाही. माहिती हाताशी आहे, पण ती शब्दांत सांगायचे कष्ट घेतलेले नाहीत.

याच प्रणालीतले मला सर्वांत आवडलेले लेखन मात्र एका अक्षराचे आहे. प्रत्येक उपकरणाला एक स्थानसंकेत असतो. ‘एलएससीएफजी’ या आज्ञेने तो पाहता येतो. त्याच्या मधल्या भागात ‘पी१-सी४’ असे असेल, तर उपकरण खऱ्या पटलावरच्या चौथ्या खाचेत आहे. तेथे ‘व्ही३-सी४’ असेल, तर पटल आभासी आहे आणि ३ हा कप्प्याचा क्रमांक आहे. पेचकस हातात घ्यायचा की पुरवठा-कप्प्याची नोंद उघडायची, हे त्या एका अक्षरावर ठरते. चुकून भलतेच कार्ड उपसले, तर बिघाड नसलेले शेजारचे कप्पेही आडवे होऊ शकतात. इतके मोलाचे अक्षर पहिल्या ओळीत ठेवायला जागा नव्हती काय?

अंक आणि संकेत वाईटच, असे मला म्हणायचे नाही. नसलेली फाइल मागितली की एआयएक्स ०६५३-३४१ हा क्रमांक देते आणि पुढे अमुक नावाची फाइल अस्तित्वात नाही, असे साध्या वाक्यात सांगते. वाक्याचे कोणत्याही भाषेत भाषांतर झाले तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे जाणकाराला तो शोधता येतो. दोघांचीही सोय झाली. नुसता क्रमांक उरला की काय होते, याचे उदाहरण सर्व्हरच्या जगाबाहेरचे, पण विसरू नये असे आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या पडद्यावर मार्च १९८६ मध्ये, टेक्सासमधील टायलर येथे, ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. मात्रा कमी पडल्याचे पडदा दाखवत होता, म्हणून चालकाने ‘पी’ ही कळ दाबून उपचार पुढे चालू केला. प्रत्यक्षात रुग्णाला प्रचंड मात्रा मिळाली होती. एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयात पुन्हा तेच झाले. दोन्ही रुग्ण दगावले. मात्रा फार जास्त किंवा फार कमी झाली, असा त्या ५४ चा अर्थ निर्मात्यांनी नंतर सांगितला. एकाच संकेतात दोन विरुद्ध अर्थ!

सर्व्हरवर बहुधा जीव जात नाही, पण शोध अडतो. तो सोडवायचा, तर कप्प्याची आणि पुरवठा-कप्प्याची अशा दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वेळा जुळवाव्या लागतात. सारांशाच्या ओळीत वेळ दहा अंकांत सलग छापलेली असते: महिना, दिवस, तास, मिनिटे, वर्ष. सेकंद नाहीत. एकाच मिनिटात दोन्हीकडे तक्रार आली, तर आधी कोण ओरडले हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी तपशीलवार नोंदच उघडावी लागते. आणि प्रत्येक कप्प्याचे घड्याळ वेगळे असल्याने, ती दोन घड्याळे एकमेकांशी जुळलेली आहेत का, हे त्याआधी पाहावे लागते.