‘अस्तु’ आणि दुसरा दिवस

स्मृतिभ्रंशावरील कलाकृतींत दुःख बहुधा घरच्यांचे असते. रुग्ण त्या दुःखाचे केवळ निमित्त होतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात ही रुळलेली वाट सोडली आहे.

चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे गाढे पंडित. अल्झायमरने त्यांची ओळख हिरावून घेतली आहे. मुलीच्या मोटारीतून उतरून ते एका हत्तीमागे चालू लागतात आणि माहुताच्या बिऱ्हाडी पोचतात. मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधत असते; माहुताची कानडी बायको चन्नम्मा समोरच्या म्हाताऱ्याला जेवू घालते. मुलीच्या ओळखीचा माणूस आता उरलेला नाही. चन्नम्माला तो कधी ठाऊकच नव्हता. म्हणून तिला दिसतो तो समोर बसलेला माणूस, त्याचे अवशेष नव्हेत. डॉ. मोहन आगाशे शास्त्रीबुवांचा आनंद झाकत नाहीत, आणि अमृता सुभाष चन्नम्माच्या मायेला उपकाराचा वास लागू देत नाहीत. या भूमिकेला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सार्थ होता.

येथे मला आमच्या विदर्भातले रिद्धपूर आठवते. म्हाइंभटांच्या तेराव्या शतकातील चरित्रग्रंथातले गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, मुलांत खेळतात. लोक त्यांना वेडे म्हणतात. त्यांना रुग्ण ठरवण्याचा माझा हेतू नाही. मला महत्त्वाचे वाटते ते गाव. ते हसते, वैतागते, पण त्यांना आपल्यातून वगळत नाही. अर्थात तेथे भक्तीचा आधार होता. शास्त्रीबुवा कुणाचे अवतार नाहीत, त्यांचे काय?

कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी वृद्धा दिसते, अशी श्रद्धा आहे. त्या तिसऱ्या रूपापुढेही आम्ही हात जोडतो. पण दर्शनाच्या रांगेत एखादी आजी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागली, की ‘हिला घरीच ठेवा’ म्हणतो. अपंगांनी ताठ मानेने वावरावे, अशी चळवळ आज जगभर आहे. परंतु जो स्वतःचे नावच विसरला, त्याने मान ताठ कशी ठेवावी? त्याचा मान शेजाऱ्यांनीच सांभाळायला हवा.

‘अस्तु’ची मर्यादाही येथेच आहे. ही माया एका दिवसाची, योगायोगाने लाभलेली, आणि तीही ज्यांच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यांनी दिलेली. शास्त्रीबुवांच्या स्वतःच्या गल्लीत ती रोज कशी नांदावी, हे चित्रपट सांगत नाही. त्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट लिहिणे हे आम्हा कादंबरीकारांचे काम आहे.