‘अत्यंत’ आणि ‘पार’

इंग्रजीतील ‘एक्स्ट्रिमली’ या क्रियाविशेषणाला मराठीत ‘अत्यंत’ हा प्रतिशब्द रूढ आहे. व्युत्पत्तीच्या पातळीवर मात्र दोहोंत भेद आहे. लॅटिन ‘एक्स्ट्रेमुस’ म्हणजे सर्वांत बाहेरचे. तेथे कड गाठली जाते. ‘अति’ आणि ‘अंत’ यांपासून सिद्ध झालेल्या ‘अत्यंत’मध्ये कड ओलांडली जाते. प्रत्यक्ष वापरात मात्र दोन्ही शब्द टोकाच्या अलीकडेच थांबतात. ‘अत्यंत आजारी’ म्हणता येते, ‘अत्यंत मृत’ म्हणता येत नाही. ज्या गुणाला चढउतार असतो त्यालाच हे शब्द लागतात, आणि कितीही वरची पायरी दाखविली तरी तिच्यावर आणखी एक पायरी शिल्लक राहते.

मराठीत खरा शेवट सांगतो तो ‘पार’. मूळचा हा पैलतीर. तो बहुधा क्रियापदाला बिलगतो, आणि तेही प्रायः हानीच्या: पीक पार करपले, धंदा पार बसला, माणूस पार खचला. येथे गुणाची मात्रा वाढत नाही. घटना पूर्ण होते. वऱ्हाडी बोलीतील ‘लय’ तीव्रता दाखवितो, ‘गंज’ विपुलता. ‘पार’चे कार्य त्या दोहोंहून निराळे आहे.

या भेदाचे समीक्षेतील मोल बुलढाणा जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) या कादंबरीच्या संदर्भात स्पष्ट होते. ‘अत्यंत दाहक वास्तवाचे अत्यंत प्रभावी चित्रण’ या धर्तीचे विधान शेतकऱ्याच्या विपन्नतेला स्थिर गुण मानते. वस्तुतः कादंबरीत आहे तो घटनाक्रम: शिकूनही एकनाथला नोकरी नाही, शेती पोट भरू देत नाही, आणि त्या ताणाखाली घरातील नाती उसवत जातात. ‘दाहक’ या विशेषणाला कर्ता नसतो. ‘भाव पडला’ असे म्हणताच मात्र तो कोणी पाडला, हा प्रश्न उभा राहतो. विशेषणाची मात्रा वाढविणारी समीक्षा हा प्रश्नच पुसून टाकते.

‘अत्यंत’च्या जागी ‘पार’ योजल्याने हे साधणार नाही. तोही शब्द सवयीने बोथट होईल. ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेने दुःख किती, हे सांगण्यापूर्वी ते कोणत्या क्रियांनी घडले, हे सांगावयास हवे.